नागपूरच्या वावरात आलू: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

आलू कुठंही होतो, असं आपल्याकडे सहज म्हणतात. होतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा महिना वेगळा. नागपूर भागात पहिल्यांदा आलू लावणारे बरेच जण इथंच फसतात. पुण्याकडचा नाहीतर पंजाबचा व्हिडिओ पाहून तारीख धरतात, झाडं मांडीला लागतात, येणारा-जाणारा कौतुक करतो आणि खोदलं की खाली गोटीएवढे चार आलू.

कामठी, मौदा, हिंगणा, कळमेश्वर या पट्ट्यात थोडंफार वावर आहे, सोयाबीन निघाल्यावर ते रिकामं राहतं आणि विहिरीला किंवा बोअरला फेब्रुवारीपर्यंत पाणी पुरतं, अशांसाठी हे लिहितोय. सगळी मापं १० गुंठ्यांची दिली आहेत. पहिल्या वर्षी त्याहून जास्त लावू नका. कोणी कितीही भरीस घातलं तरी नको.

१. आधी हवा समजून घ्या

आलूचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराचा परिसर. तिथली जमीनच ३,८०० मीटर उंचीवर. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा. झाड जगभर फिरलं, पण ही सवय त्याने सोडली नाही. पानं दिवसा अन्न तयार करतात आणि रात्र गार असली तरच ते अन्न नीट खाली उतरून आलू पोसतो. रात्री १५ ते २० अंश असले की काम चांगलं चालतं. त्याच्या वर आलू धरणं मंदावतं आणि माती ३० अंशांच्या आसपास तापली की जवळपास बंदच पडतं. मग झाड नुसता पाला वाढवत बसतं.

हे एक गणित कळलं की देशभरातल्या वेगवेगळ्या तारखांचा उलगडा होतो. हिमाचलच्या डोंगरांत हिवाळ्यात बर्फ, म्हणून तिथं मार्च-एप्रिलमध्ये लावतात आणि पावसाळ्याच्या शेवटी काढतात. उत्तर प्रदेश, पंजाब, बंगालच्या मैदानात थंडी लांबते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरला लावून जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. निलगिरीत, उटीच्या बाजूला, हवा वर्षभर सौम्य असल्याने वर्षात एकाहून जास्त पिकं घेतात. आणि आपल्याच राज्यात खेड-आंबेगावच्या सातगाव पठारावर चक्क खरिपात, पावसावर आलू घेतात. तिथल्या पावसाळी रात्री गार असतात म्हणून ते जमतं. नागपुरात जुलैतल्या रात्रीही २४-२५ अंशांखाली फारशा उतरत नाहीत. तेव्हा "पुण्यात जूनमध्ये लावतात" हे आपल्या कामाचं नाही.

नागपूरची उंची जेमतेम ३१० मीटर. शेजारचं छिंदवाडा सातपुड्याच्या पठारावर, आपल्या दुप्पट उंचीवर. तिकडची थंडी जरा लांबते. आपल्याकडे खऱ्या गार रात्री मिळतात त्या साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेवढ्यात सगळं उरकायचं.

२. तारीख उलटी मोजा

लावणीपासून पुढे मोजू नका. उन्हापासून मागे मोजा. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचं ऊन चटका देऊ लागतं, त्याच्या आधी आलू जमिनीतून बाहेर हवा. म्हणजे काढणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. वाण ८० ते ९० दिवसांचा धरला तर लावणी येते ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य.

दिवाळीच्या भरवशावर राहू नका, ती दरवर्षी मागे-पुढे सरकते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा रोजचा अंदाज बघा, किंवा मोबाइलवर 'मेघदूत' ॲप घ्या. रात्रीचा पारा सलग काही दिवस २० च्या खाली दिसला की बेणं वावरात न्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घाई करणाऱ्यांचं बेणं गरम, ओल्या मातीत सडतं. डिसेंबरात लावणाऱ्यांचं झाड उगवतं छान, पण आलू पोसायच्या वेळी ऊन येतं. दोन्हीत उशीर जास्त महागात पडतो.

३. जमीन: काळी असेल तर वाचाच

देशभरच्या जमिनींचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि आपण मात्र माती न तपासता लावायला निघतो. आलूला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी पोयट्याची जमीन लागते. कन्हानच्या काठाला अशी जमीन आहे. बाकी बहुतेकांच्या नशिबी काळी कसदार माती, जी कापसाला आणि संत्र्याला धार्जिणी आहे, आलूला अवघड.

अडचणी तीन. एक, ती ओली असताना घट्ट चिकटते आणि वाळली की भेगाळते. भेगांतून उजेड आणि किडे थेट आलूपर्यंत पोचतात. दोन, पाणी धरून ठेवते, त्यामुळे सड लागते. तीन, ती अल्कधर्मी असते, आणि अशा जमिनीत आलूवर खवल्या पडतात. चवीला फरक पडत नाही, पण बाजारात भाव पडतो.

यावर उपाय आहेत. शक्यतो वावराचा चढाचा, हलका, मुरमाकडे झुकणारा तुकडा निवडा. भरपूर शेणखत घाला, १० गुंठ्यांना दोन ते अडीच टन, पण पूर्ण कुजलेलं. उकिरड्यावरचं कच्चं शेण टाकलं की हुमणी आलीच समजा, आणि खवल्याही वाढतात. सोयाबीन काढल्यावर वखरणी करून रोटाव्हेटर मारा. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, पाहायचा तर मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर काम सुरू, चपटा होऊन पडला तर अजून थांबा. ओल्या मातीत रोटाव्हेटर मारला की ढेकळं होतात आणि हंगामभर छळतात.

मागच्या हंगामात त्या तुकड्यात वांगी, टमाटे किंवा मिरची असेल तर दुसरा तुकडा घ्या. ही सगळी आलूचीच भावंडं, रोगही तेच. भिवापूरकडच्या मिरचीवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

४. कागदपत्रं आणि सामान

आलू लावायला कोणाची परवानगी लागत नाही. पण ठिबक-तुषारचं अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. त्यासाठी सातबारा, ८-अ, आधार, बँकेचं पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक तयार ठेवा. ओळख क्रमांक अजून काढला नसेल तर आधी ते काम करा, त्याच्याशिवाय गाडी पुढे जात नाही. लावणीनंतर रब्बीच्या ई-पीक पाहणीत आलूची नोंद स्वतः करा. सातबाऱ्यावर 'पडीक' राहिलं तर नुकसानभरपाईच्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

सोबत ठेवायच्या दोन गोष्टी: मातीचा तपासणी अहवाल आणि बेण्याची पक्की पावती. पावतीवर वाणाचं नाव आणि लॉट नंबर असायलाच हवा.

सामान साधंच आहे. फावडी, सरी पाडायला रिजर किंवा नांगर, फवारणी पंप, पिवळे चिकट सापळे, जाळीच्या गोण्या, धारदार चाकू आणि तो बुडवायला जंतुनाशकाची बादली.

५. बेणं: सगळा खेळ इथं

१० गुंठ्यांना अडीच ते तीन क्विंटल बेणं लागतं. खर्चाचा मोठा वाटा यातच जातो, आणि म्हणून लोक इथंच काटकसर करतात. कळमना मार्केटमधून खायचे आलू आणून लावतात. ते उगवतातही. पण त्यांचा वाण कोणता, वय काय, आत कोणता विषाणू बसलाय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आलूचे विषाणू मावा ही रस शोषणारी कीड पसरवते आणि ते बेण्यातून पुढच्या पिढीत जातात. दरवर्षी झाड खुजं, पानं मुरडलेली, उतारा कमी. पंजाबच्या मैदानात थंडीच्या सुरुवातीला काही आठवडे मावा फारच कमी असतो. तेवढ्यात बेण्याचं पीक वाढवून घ्यायची पद्धत आहे, म्हणून चांगलं बेणं बहुधा तिकडून येतं. घरचं बेणं धरून ठेवायचा विचार सोडा. नागपूरच्या मे महिन्यात शीतगृहाशिवाय आलू टिकत नाही.

पिशवीवरची चिठ्ठी बघा. निळी म्हणजे प्रमाणित, पांढरी म्हणजे पायाभूत, हिरवी म्हणजे सत्यप्रत, ज्याची हमी फक्त विकणाऱ्याची. पहिल्या वर्षी निळी घ्या.

वाणांच्या नावापुढे बहुतेक 'कुफरी' असतं. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव, आणि केंद्रीय आलू संशोधन संस्था, १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झालेली, १९५६ पासून शिमल्यात आहे. आपल्या कमी थंडीसाठी कमी दिवसांचे वाण बरे. कुफरी पुखराज लवकर येतो, उतारा चांगला, पण पाणचट असल्याने चिप्सला कामाचा नाही. कुफरी चंद्रमुखी चवीला छान, पण करपा लवकर पकडतो. कुफरी लवकर हा आपल्या दख्खनच्या पठारासाठीच काढलेला वाण. कुफरी सूर्या उष्णता सहन करतो. यातला मिळेल तर माझा कल सूर्याकडे. थंडीने दगा दिला तरी तो निदान तग धरतो.

बेणं शीतगृहातून येतं. ते आणल्या आणल्या उन्हात पसरू नका, घाम फुटून सडतं. आधी सावलीत, हवेशीर जागी, दोन-तीन थरांपेक्षा जास्त न रचता १० ते १५ दिवस ठेवा. अंधार नको, अंधुक उजेड हवा. उजेडात आलेला कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळा असतो आणि बोट लावलं तर सहज मोडत नाही. अंधारात आलेला लांब, पांढरा, दोऱ्यासारखा. तो पिशवीतच तुटतो. याच दिवसांत मऊ पडलेले, कोंब न आलेले वेगळे काढा. ताजे, नुकतेच खणलेले आलू मात्र लावू नका. काढणीनंतर काही आठवडे ते झोपेतच असतात.

चाळीस-पन्नास ग्रॅमचे, लिंबाएवढे आलू अख्खे लावा. मोठे असतील तर कापा. प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे, आणि प्रत्येक आलूनंतर चाकू जंतुनाशकात बुडवायचा. फोडी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणातून काढून सावलीत वाळवा, काप सुकल्यावरच लावा. ऑक्टोबरात माती अजून गरम असते, त्यात कापलेली फोड सडायची भीती जास्त. म्हणून लवकर लावणार असाल तर लहान, अख्खं बेणंच मागा.

६. लावणी

सऱ्यांमध्ये ६० सेंमी, दोन बेण्यांमध्ये २० सेंमी. खोली ५ ते ७ सेंमी. कोंब वर. काळ्या मातीत वरंबा उंच ठेवा, म्हणजे बेणं पाण्यात बुडत नाही. एवढंच.

७. खत, पाणी आणि भर

माती तपासणीत काही विशेष निघालं नाही तर १० गुंठ्यांना १२ किलो नत्र, ६ किलो स्फुरद, १२ किलो पालाश धरा. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर डीएपी १३ किलो, पोटॅश २० किलो, युरिया २१ किलो. डीएपी आणि पोटॅश सगळं लावणीला, युरिया थोडा लावणीला आणि उरलेला भर देताना. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बऱ्याचदा भरपूर असतं, तेव्हा अहवालात तसं आलं तर पोटॅशचा खर्च वाचतो. युरिया वाढवून मारायचा मोह सगळ्यांना होतो. पाला काळाभोर होतो, आलू मात्र उशिरा धरतो, आणि उशीर आपल्याला परवडत नाही.

पाणी सरीत वरंब्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच चढू द्या. हलक्या जमिनीत सहा-सात दिवसांनी, भारीत आठ ते बारा दिवसांनी. वरवर पाहून ठरवू नका, बोटभर उकरून बघा. लावणीनंतर साधारण महिन्याने आलू धरायला लागतात. तिथून पुढचे चार-पाच आठवडे ओल कमी-जास्त होऊ देऊ नका. ताण दिला आणि मग भसाभस पाणी सोडलं की आलू फाटतात, वेडेवाकडे होतात. खवल्याही याच काळातल्या कोरडेपणाने वाढतात.

भर देणं, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती चढवणं, हे २५ ते ३० दिवसांनी, निंदण आणि युरियाच्या सोबतच. कोणी हे टाळतो तेव्हा त्याचे आलू हिरवे निघतात, आणि पाकोळीच्या, म्हणजे आलूवरच्या पतंगाच्या, अळ्या आत शिरतात. काळ्या मातीत एकदा भर देऊन भागत नाही. पंधरा दिवसांनी फेरी मारा आणि वरंब्याच्या भेगा पायाने बुजवा.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी: रंगाची वीस लिटरची बादली, तळाला भोकं, अर्धी माती आणि अर्धं कुजलेलं खत, एका बादलीत एकच बेणं. बादली आधी अर्धीच भरा, झाड वाढेल तशी माती टाकत जा. नागपूरची गच्ची दुपारी तापते, तेव्हा बादली भिंतीच्या सावलीला सरकवा.

८. रोग आणि किडी

उशिरा येणारा करपा हा सगळ्यांत धोकादायक. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तो यानेच. थंडीत आभाळ आलं, दोन दिवस रिमझिम झाली, सकाळी धुकं राहिलं की तो आलाच. पानाच्या कडेला पाणी शोषल्यासारखे डाग, खालून पांढरी बुरशी. एकदा दिसला की आवरायला जड जातो, म्हणून आभाळाचा अंदाज वाचला की आदल्या दिवशीच मॅन्कोझेब, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम. कोरड्या हवेत येतो तो दुसरा करपा, पानावर एकात एक वर्तुळं. तो सावकाश चालतो.

महाराष्ट्रात आलूची खरी वैरीण आहे पाकोळी. तिची अळी वावरातही आणि साठवणीतही आलू पोखरते. डोळ्याजवळ काळपट विष्ठा दिसली तर तो आलू लगेच बाजूला काढा. मावा ओळखायला पिवळे सापळे पुरेत. औषधाचं प्रमाण दुकानदाराला विचारू नका, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. दुकानदार तीन बाटल्या देतो.

९. काढणी

पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडा. त्यानंतर पाला जमिनीलगत कापून वावराबाहेर काढा आणि आठ-दहा दिवस थांबा. एक-दोन झाडं उकरून आलूची साल अंगठ्याने घासून बघा. साल सुटली तर अजून कच्चा आहे. न सुटली तर काढा. हे थांबणं लोकांना जड जातं, कारण बाजारात भाव चढलेला असतो. पण कच्च्या सालीचा आलू गोणीत घासतो आणि आठवड्यात काळा पडतो. याच सुमारास आपल्याकडे गारपीट होते. पण आलू जमिनीखाली असतो, तिथं त्याला घोर नाही.

सकाळी काढा, दुपारी झाडाच्या सावलीत पसरा, संध्याकाळच्या आत गोण्या भरा. उघडा ढीग रात्रभर वावरात ठेवायचा नाही, आणि त्याच्यावर आलूचाच पाला तर मुळीच झाकायचा नाही. पाकोळी नेमकी तिथं येऊन अंडी घालते.

उताऱ्याचं काय? देशाची सरासरी हेक्टरी २५ टनांच्या आसपास आहे. आपल्या थोड्या थंडीत नवख्याने १० गुंठ्यांत पंधरा ते वीस क्विंटलचा हिशोब धरावा. कळमन्याला नेणार असाल तर प्रतवारी करून न्या. लहान-मोठे, कापलेले, खवल्यांचे एका गोणीत असले की सगळ्या गोणीला खालचा भाव लागतो. माझा सल्ला, पहिल्या वर्षी ओळखीपाळखीत आणि जवळच्या आठवडी बाजारात विका. मार्चनंतर घरात ठेवायचा बेत करू नका. उष्णतेत आलूचं काळीज काळं पडतं, बाहेरून कळतही नाही.

१०. खाताना

आलूने वजन वाढतं, साखर वाढते, म्हणून घरातून तो हद्दपार करणारे बरेच आहेत. उकडलेल्या १०० ग्रॅम आलूत ८७ कॅलरीच्या आसपास ऊर्जा असते आणि चरबी नावालाच. त्यात पोटॅशियम चांगलं, क जीवनसत्त्व थोडंफार, ब-६ही आहे. सालीसकट उकडला तर क जीवनसत्त्व कमी वाया जातं, आणि सालीसकट खाल्ला तर तंतूही मिळतात. तर्रीत बुडवलेला आलुबोंडा पोटात गेल्यावर दोष आलूचा नसतो, तेलाचा असतो.

मधुमेह असेल तर आलू टाकायची गरज नाही, पण तो पोळी-भाताच्या जागी मोजा, त्यांच्या जोडीला नको. उपवासाला साबुदाणा आणि आलू एकाच ताटात म्हणजे पिष्टावर पिष्ट. उकडून थंड केलेल्या आलूतलं काही पिष्ट सहज न पचणाऱ्या रूपात जातं, त्यामुळे साखर जरा सावकाश चढते. फरक थोडाच, तेव्हा त्याच्या जोरावर दुप्पट खाऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना हेच पोटॅशियम बाधतं. त्यांनी किती आणि कसा खायचा ते डॉक्टरांना विचारूनच.

आलू फ्रिजमध्ये ठेवू नका. गारव्यात पिष्टाची साखर होते, आणि असा आलू तळला की लवकर काळपट होतो आणि ॲक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थ जास्त तयार होतो. अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात टोपलीत ठेवा, कांद्यापासून लांब.

हिरवे पडलेले आणि फार कोंबाळलेले आलू खाऊ नका. त्यात सोलॅनिन असतं आणि ते शिजवून जात नाही. जरा हिरवट डाग असेल तर जाड काप काढून टाका, जास्त असेल तर अख्खा फेका. काढणीनंतर असे वेगळे निघालेले हिरवे आलू आणि कापलेला पाला गुरांपुढेही टाकू नका, धुऱ्यापलीकडे खड्डा करून पुरा.